लाल चालतो

मेल आला तेव्हा शेट जेवायला गेले होते.
चारच शब्द. व्हाइट गुड. रेड रन्स.
मी एकटी, टेबलफॅन, आणि बाहेर अक्कलकोट रोडचं ऊन.

रन म्हणजे धावणे, हे पाचवीत पाठ केलेलं.
पण टॉवेल काही धावत नाही,
म्हणून मी माझ्या डोक्यानं लावलं :
लाल चालतो.
साखर पेठेत नाही का दुकानदार सांगतात,
मरून चालत नाही बाई, बदामी चालतो.
घरी तेलुगूत मागसुद्धा चालतोच, नडुस्तुंदि,
आणि आईचं ब्लडप्रेशर, आणि भिशी.

शेट खूश. दात कोरत म्हणाले,
सुगुणा, लाल वाढवायला सांग.
मल्लय्यामामांनी टाकी पुन्हा भरली. चाळीस डझन.
कोपरापर्यंत लाल होऊन जेवायला बसायचे ते,
भाकरीवरचा लाल शेंगाचटणीचा की टाकीचा,
कोण बघतंय.

मग दुसरा मेल, फोटोसकट.
बादलीत टॉवेल. पाणी गुलाबी.
शेजारचा पांढरा टॉवेल, ज्याला त्यांनी गुड म्हटलं होतं,
तोही गुलाबी.

रंग जात होता.
आपल्यात रंग जातो.
कुठे जातो, ते कुणी विचारत नाही.
त्यांच्यात तो पळत सुटतो
आणि दुसऱ्याच्या अंगावर सापडतो.

शेट ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

रात्री भावाची डिक्शनरी काढली.
रन या एका शब्दाला अडीच पानं.
बोट ठेवून ठेवून वाचत गेले.
नाक धावतं. आपलं गळतं.
नळ धावतो. इथं हसू आलं,
आमचा चार दिवसांनी येतो,
तोही रात्री अडीचला, खोकत खोकत,
आणि धावतो आम्ही, घागरी घेऊन.
इलेक्शनला तिकडे माणसं धावतात,
आपल्याकडे उभी राहतात.
निवडून आल्यावर बसतात, हे पुस्तकात नव्हतं.

काही गोष्टी म्हणे घराण्यात धावतात.
आमच्या घराण्यात खोकला.
तो रक्तातला की मागाखालच्या कापसाच्या धुळीतला,
तिथं स्टार करून ठेवलाय. अजून कुणाला विचारलं नाही.

गिरणी धावते.
नाना अजून कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू करतात :
मिल चालायची तेव्हा.
पुढचं ऐकायला आम्ही थांबत नाही, पण हे तीन शब्द
घड्याळाच्या ठोक्यासारखे घरात पडत राहतात.
बंद पडली, नाना खाटेवर बसले,
त्यानंतर घर चालवलं आईनं.
त्यालाही रनच. मी दोनदा बघितलं.
उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन
रोजच्या हजार विड्या,
जागेवरून न उठता.
आमच्यात एवढं कुणीच धावलेलं नाही.
पान संपलं, तंबाखू संपली, तेही रन, पुढे आउट लावायचं.
दिवाळीआधी कारखान्यातून पान कमी आलं
की तिचं तोंड बघायचं, मग अर्थ लागतो.

शेवटी भूतकाळ : रन, रॅन, रन.
धोट्यासारखं,
एकदा पलीकडे जाऊन परत पहिल्या जागी.
नानांना सांगितलं तर म्हणाले,
परत आला तरी कापड तेवढं वाढलेलं असतं.

सकाळी मीच उत्तर टाइप केलं.
सॉरी. माझी चूक. नवा लॉट फुकट पाठवतोय.
रेड विल नॉट रन.
पाठवण्याआधी तीनदा वाचलं.

मल्लय्यामामा दारात उभे, आत येत नव्हते,
फरशीला डाग पडतील म्हणून.
काय लिवलीस?
म्हटलं, लाल आता धावणार नाही.
मामांनी हात उलटसुलट करून बघितले.
नखांच्या कडांना वीस वर्षांचा लाल.
हा बरा, म्हणाले,
साबण लावला तरी जागचा हलत नाही.