काखेतला कळसा

तांपेरेच्या मंडईतला खाटीक आता विचारत नाही
इतक्या कोंबड्यांचं ही बाई करते काय.
सुरुवातीला त्यानं पाककृती मागितली होती.
इर्मेली म्हणाली, आधी मांसात काळा मणी लपवायचा,
मग न कापता शोधायचा.

प्रयोगशाळेत आणखी एक खोटी छाती आहे:
जिलेटिन, दूध, शाईचे साडेतीन थेंब.
मंगळवारी ओतलेली
शुक्रवारी आंबते.

कठीण काम दिव्याचं.
थरावर अणूंचा थर, साय धरावी तसा,
पण पोकळीत, रात्रभर;
आणि सकाळी हाती तिळाएवढा डायोड,
जो चाळीस मिनिटं जगतो
किंवा हव्या त्या रंगाच्या जरा अलीकडेच थबकतो.
रंग तरी कुठे दिसतो डोळ्यांना!
वाइनो पुढे कार्ड धरतो, कार्डावर ठिपका उमटतो,
तेवढाच पुरावा.

मांसातून प्रकाश सरळ जात नाही.
जत्रेत चुकलेल्या पोरासारखा
धक्के खातो, ज्याच्या-त्याच्या मागे वळतो.
कोट्यवधी धाडावेत तेव्हा एखादा परततो,
उशिरा, अंग चोरून,
आणि त्यालाच विचारायचं:
वाटेत काळोख लागला का रे? कुठे?

फेब्रुवारीत सिर्का आली. निवृत्त बसचालक.
गाठ डॉक्टरांना ठाऊक, तिला ठाऊक,
फिल्मवर पेनानं गोल केलेला.
फक्त दिव्याला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि इर्मेलीलाही.

अकरा जागी प्रोब टेकवला.
पडद्यावर सगळीकडे तेच दुधाळ,
गोठलेल्या तळ्यावर पुन्हा बर्फ पडावं तसं.
सात वर्षं.
वाइनो न बिघडलेली वायर तपासत राहिला.

सिर्का म्हणाली, पहिल्या हिवाळ्यात
माझाही एक थांबा चुकला होता.
उतारू ओरडले नाहीत,
नुसती घंटी दाबत राहिले.
मग तिनं हात डोक्यावर घेतला,
दुसऱ्या हातानं प्रोब धरून
स्वतःच नेला
काखेत. तिथे होता कळसा,
आणि दिव्याचा गावाला वळसा.
“दाब जरा. मी काही जिलेटिन नाही.”

दाबलं. रक्त बाजूला सरलं असावं.
आकडा हलला, दशांशचिन्हानंतरचा तिसरा.
इर्मेलीनं तो पेन्सिलनं लिहिला,
पुढे प्रश्नचिन्ह.

स्वेटरमध्ये डोकं अडकलेलं असतानाच
सिर्कानं विचारलं, “दिसली?”
“बहुतेक.”
“मला बहुतेक चालेल,” आतून आवाज आला.
“पुढचीला चालायचं नाही.”