कीप

डिम्पना गॅलाहरच्या घरात
हे एकच क्रियापद दिवसभर राबत असतं.
बाकीची पाहुण्यासारखी येतात, बसतात, जातात.
हे मात्र एप्रन काढत नाही.

सकाळी पर्थहून मुलीचा फोन,
'हाऊ आर यू कीपिंग, मॅमी?'
म्हणजे कशी आहेस.
पण शब्द धरून बसलं तर
कशी ठेवतेस स्वतःला, कुठल्या फळीवर,
झाकण घट्ट लावलंय ना.
डिम्पना म्हणते, चांगली बाजू बाहेर ठेवून आहे गं.
आणि फोन ठेवल्यावर
उसवलेली बाजू माझ्याकडे करून चहा ओतते.

मी या गावात मासळीच्या कारखान्याचे हिशेब ठेवायला आले,
तेही कीप.
तिच्या पाच कोंबड्या, तेही.
शेजारच्या पॅकीला दिलेला शब्द, तोही.
इथे मला जरा हायसं वाटलं.
आम्हीही कोंबडी पाळतो आणि शब्दही पाळतो,
दोन्ही दिवेलागणीला मोजून आत घ्यावे लागतात.

पुढे मात्र माझी धाप लागली.
गुपित राखायचं, गुडघे जपायचे,
दुकानदाराला म्हणायचं, सुटे राहू देत तुलाच,
धक्क्यावरची पाटी सांगते डावीकडून चाल,
दूध टिकायचं, वही लिहायची, रांगेतली जागा धरायची,
आणि अंडी द्यायची थांबलेली ती लाल कोंबडी
'आपलं कीप कमवत नाही',
म्हणजे खाते तेवढंही फेडत नाही,
असं बडबडत डिम्पना तिलाच मूठभर दाणे जास्त टाकते.

मी शब्दामागून शब्द काढत बसले.
तिच्याकडे एकच लाकडी चमचा,
सूप ढवळायला, खिडकी अडवायला,
कुत्र्याला धाक घालायलाही तोच.

कॉनल तिचा नवरा. लाइटहाउसकीपर.
एकवीस वर्षं दिव्याची राखण, आणि रोजची नोंद,
वारा कुठून, धुकं किती, कोण गेलं.
मग दिवा आपला आपण पेटायला लागला.
घरी आलेल्या माणसाला रात्रीची झोप येईना,
म्हणून त्याने होडी घेतली
आणि शेवंडांसाठी पिंजरे टाकू लागला.

ऑक्टोबरात एका रात्री साडेअकराला
दारात सार्जंट मॉरन. कोवळा पोरगा, टोपी हातात.
पोलिसाची टोपी हातात असली
की त्याला बोलायची गरज उरत नाही.
त्याने तोंड उघडलं तशी डिम्पना म्हणाली,
'विल इट कीप टिल मॉर्निंग?'

हे मला मराठीत आणता येत नाही.
सकाळपर्यंत टिकेल का?
राहील का? नासणार नाही ना?
धक्क्यावरच्या बायका असं विचारतात
उरलेल्या बांगड्यांबद्दल.

तो थोडा वेळ पायपुसण्याकडे बघत राहिला.
'इट विल,' म्हणाला. आत आला.
रात्रभर तिच्या सोबतीला बसला.
सोबतही कीपच.
चुलीतला विस्तव दोघांनी राखेखाली राखला.
राख, आणि राखणं.
हे मी तिला सांगितलं तेव्हा
ती पहिल्यांदाच माझ्या भाषेत डोकावली,
'म्हणजे तुमच्याकडे राखच सांभाळते?'
मी म्हटलं, हो, कधीकधी.

बाहेर दिवा फिरत होता,
दर दहा सेकंदांनी, बिनचूक, माणसाविना.
भिंतीवरून, सार्जंटच्या बुटांवरून,
तिच्या न प्यायलेल्या चहावरून.
उजाडल्यावर तो बोलला.

'साडेसात तास,' डिम्पना सांगते,
'साडेसात तास मी त्याला ठेवला.'

डिक्शनरीत कीपला चार पानं आहेत.
मी दोनदा शोधलं.

कॉनलचं घड्याळ तिच्या मनगटावर ढिलं होतं,
वीस मिनिटं मागे पडतं.
दुरुस्तीला नेऊ का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली,
आणि लाल कोंबडी आत आली का
ते बघायला गेली.