चढावर उतरते

सायकल माझी नाही, अंबिकाची.
जांभळी, पुढं जाळीची बास्केट,
मडगार्डवर अजून तिचं नाव आणि 'नववी ब'.
ती मिरजेला गेली नर्सिंगला,
सायकल राहिली,
आणि शेअर रिक्षा वीसची तीस झाली.
एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले.
महिनाभर, पहाटे, शाळेच्या पटांगणात.
कुत्री सोडून कुणी बघितलं नाही.

साडेपाचला मशिनी थांबतात.
दिवसभर मी खिसे जोडलेले असतात,
निळ्या शर्टाला निळे खिसे,
कुठल्या गावची शाळा ते गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीला माहीत.
फाटकाबाहेर अक्कलकोट रोड.
ऊन अजून उतरलेलं नसतं,
माझ्याआधी ते कधीच घरी जात नाही.

वारा समोरून.
सकाळी येतानाही समोरूनच होता.
दस्तगीरला सांगितलं हे एकदा.
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधत म्हणाला,
"वैनी, वारं पण ड्यूटीला जातंय की,
तुमच्यासारखंच. सकाळी तिकडं, संध्याकाळी इकडं."
पंक्चरचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

पुढं टॉवेलांचे गठ्ठे लादलेला टेम्पो असला
तर त्याच्या मागं राहायचं.
वारा तो खातो, धूर मी.
घंटी वाजत नाही. तोंडानंच म्हणते, सरका ओ.
मराठीत नाही सरकले तर तेलुगूत, जरगंडी!
तेलुगूत नाही तर कन्नडात.
शेवटी ब्रेक,
तो कुठल्याच भाषेत नीट लागत नाही.

गुरुनानक चौकापुढं थोडा उतार आहे.
लोक म्हणतात, कुठाय, सपाट रस्ता आहे.
त्यांच्या गाड्यांना पेट्रोल आहे, त्यांना कसा कळणार.
तिथं मी पाय थांबवते.
पाठीला चिकटलेलं ब्लाउज सुटतं,
एवढाच गारवा, दोनशे पावलांचा,
पण कुणाच्या हजेरीत न धरलेला.

मग आसऱ्याचा पूल.
नाव आसरा, सावली एकेका खांबापुरती.
तीन खांब पॅडल मारते, चौथ्याला उतरते.
चढावर उतरते, उतारावर चढते,
सायकलचं मराठी असं उलटंच आहे.

पलीकडून हे येत असतात,
हातात सायकल धरून, तेही चालतच.
काळी, दांडीची, कॅरिअरला डबा.
रात्रभर एका गोदामाला जागं ठेवतात.
मध्ये गुडघाभर दुभाजक.
त्याच्यावरून किल्ली माझ्याकडं येते.
"पाणी?"
"आलं पाचव्या दिवशी. पिंप भरलंय, झाकलंय."
"अंबिका?"
"फोन आलता. पैसे नको म्हणाली."
"म्हणजे पाहिजेत."
"हां."
मागून हॉर्न.
एवढंच. रविवार सोडून रोजचं एवढंच.
गेल्या श्रावणात आम्ही भांडलो,
ते भांडण नऊ दिवस चाललं,
दिवसाला एक मिनिट.
तिसऱ्या दिवशी कुठवर आलो होतो ते आठवेना,
त्यांनीच आठवण करून दिली.

मग ते त्यांचा उतार उतरतात, मी माझा.
ते मागं बघत नाहीत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय,
पुढचंच पुरेसं आहे त्यांना.
मी बघते.
डबा थोडा कलंडलेला, पँटच्या पायाला रबर,
मग टेम्पो, मग काही नाही.
पदर खोचते, ब्रेक सोडून देते.
जुळे सोलापूरचे दिवे अंगावर येतात,
कुणाच्या तरी तव्यावर शेंगदाणे भाजत असतात,
आणि त्या अर्ध्या मिनिटात
मी कुणाचीच कुणी नसते, बरं वाटतं,
मग खड्डा येतो.

काल पाचव्या खांबापर्यंत गेले, न उतरता.
पाय थरथरत होते, सांगणार होते त्यांना,
तोंड उघडलं आणि खालून मालगाडी आली.
पूल हलत राहिला.
ते किल्ली देऊन निघून गेले, उशीर झाला होता.
त्रेपन्न डबे होते.
मी मोजले.