पिकलं का

पावण्याच्या एमआयडीसीत, तीन नंबरच्या टाकीत
हायपोचं द्रावण संध्याकाळपासून निवत होतं.
अठ्ठेचाळीसच्या खाली धरायला हवं होतं.
चाळीस झालं, पस्तीस झालं,
रात्री तीनला एकोणतीस.
झरोक्यातून टॉर्च मारला तर
तळाचा बोल्ट दिसावा इतकं नितळ.

मी नवीन. माझ्याकडे पदवी, गॉगल
आणि मॅनेजरचा न उचलला जाणारा फोन.

चाहू भोईर आले, न पेटवलेली बिडी कानामागे.
‘पिकलं का गो?’

म्हटलं, काका, हे पिकत नाही. स्फटिकीभवन म्हणतात.
आणि मघाशी तुम्ही म्हणालात मीठ वितळलं,
तेही चूक. मीठ विरघळतं.
वितळायला त्याला आठशे अंशांची भट्टी लागते,
एकट्याने जळावं लागतं.
विरघळायला फक्त दुसरं कुणीतरी हवं:
पाणी, घाम, जीभ.

‘आन हा?’ त्यांनी टाकीकडे हनुवटी केली.

हा तर धड कुठलंच करत नाही.
जरा ऊब लागली की
आपल्याच अंगातल्या पाण्यात विरतो.
त्याला नेमकं काय म्हणायचं
मलाही कुणी शिकवलं नाही.

‘आमचे आगरान पिकायचंच,’ काका म्हणाले.
वाफ्यावर आधी पापुद्रा धरतो, सायीसारखा.
तेव्हा पाय घालायचा नाही.
बाप काठावर बसून नुसता ऐकायचा.
काय ऐकायचा, ते विचारायचं राहिलं.

कुठे होतं आगर?
‘शिरवण्याचे खाली.’
हात खिडकीकडे गेला. तिथे कूलिंग टॉवर.
थोडा डावीकडे सरकला. तिथे मॉलची पाटी.
मग हात खिशात गेला
आणि पुडी घेऊन बाहेर आला.

मागच्या लॉटची चिमूट.
‘दुधाला लागतं तसा यालाबी विरजण लागतं.
नुस्ता ढवलून काय होत नाय.’

झाकण उघडलं. चिमूट गेली.
काहीच नाही.
मग एक सुई. सुईला फुटलेली सुई.
मग मोजायच्या आत सगळंच;
ढवळणीचा आवाज जड झाला
आणि थर्मामीटर उलटा चालला:
तेहेतीस, एकोणचाळीस, पंचेचाळीस.

माहीत होतं मला. बांधलं जाताना
उष्णता बाहेर टाकली जाते,
चार मार्कांना लिहिलंय.
तरी पत्र्याला लावलेला हात चटकन काढला.
मग पुन्हा ठेवला.
शेजारी काकांचा होताच.

पहाटे निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं:
तीन चाळीस. पिकलं.

ते पान लाल गोल होऊन परत आलं.
तोवर काकांचं कंत्राट संपलं होतं.
दुरुस्तीचा आमचा नियम असा,
की चुकीचा शब्द गिरवून घालवायचा नाही.
एकच रेघ मारायची, शेजारी सही,
आणि खालचं वाचता यायला हवं.

वाचता येतं.