वजाबाकी

मी वाजवणारा नाही, वजा करणारा.
सिदोआर्जोच्या या कारखान्यात एकोणीस वर्षं
गिटार माझ्या टेबलावर येते ती कागदावर,
एकशे बारा ओळींची,
आणि जाते एकशे नऊ ओळींची होऊन.

अंगाला पॉप्लरचे तीन तुकडे, सरसाने जोडलेले.
जोड दिसू नयेत म्हणून वर मेपलचा पापुद्रा,
वाघासारखा पट्टेदार, अर्ध्या मिलिमीटरचा.
आमचा क्रुपुकसुद्धा याहून जाड असतो.

कडेला पांढरी पट्टी बसवायची तर एक माणूस, अर्धा तास,
आणि सुकेपर्यंत दोरीने करकचून बांधलेलं अंग.
मी म्हटलं, चिकटपट्टी लावा, रंग मारा, चिकटपट्टी ओढा.
उघडं राहिलेलं लाकूडच पट्टी म्हणून मिरवेल.
कॅटलॉगात त्याला ‘नैसर्गिक कडा’ असं नाव पडलं.
मानेवरचं पॉलिश काढलं, तिथे छापलं, ‘हाताला वेगवान’.
नावं देणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात,
नावं ठेवणारी समुद्रापलीकडे.

मग पडद्यांची टोकं.
एका मानेवर बावीस पडदे, चव्वेचाळीस टोकं.
यात्मी प्रत्येक टोक बारीक कानशीने गोल करायची,
बाळाची नखं कापावीत तशी, श्वास रोखून.
अकरा मिनिटं.
तीन दिवस मी तिच्या पाठीशी घड्याळ घेऊन उभा होतो.
सहा मिनिटं, असं ठरलं.
ती वाद घालेल असं वाटलं होतं.
तिने एवढंच विचारलं,
‘कुठली सोडू, बापाक?’
मी म्हटलं, बाराव्याच्या पुढची. तिथे हात फारसा जात नाही.

आणि पोटातला काळा रंग.
तारांच्या जंजाळाभोवती फासायचे, बाहेरची घरघर आत येऊ नये म्हणून.
झाकण काढल्याशिवाय तो दिसत नाही,
आणि झाकण कोण काढतो?
गिटारमागे तीन हजार शंभर रुपिया.
त्या वर्षी मला बक्षीस म्हणून भाताचा कुकर मिळाला.
अजून चालतो.

माझा मेहुणा गुणार्सो लग्नांत दांगडुट वाजवतो.
त्याने नापास मालातली एक घेतली, खांद्यावर ओरखडा असलेली.
काल घेऊन आला.
मांडवातली ट्यूब लागली की ही घुमते म्हणाला,
भुंगा अडकल्यासारखी.
तू कारखान्यातला, बघ जरा.

एकोणीस वर्षांत मी एकही उघडली नव्हती.

आत कोरं लाकूड. त्यावर पेन्सिल.
‘मंगळवार. मिरची किलोला नव्वद हजार.
युनची मुलगी पास झाली.
पूर्वी इथे रंग असायचा, आता लिहायला जागा आहे.’
खाली दुसऱ्याच कुणाचं तिरकं अक्षर:
‘घुमली तर आम्हाला बोल लावू नये.’

मी गिटार उलटी केली, अंगठा मानेच्या कडेने नेला.
बाराव्या पडद्यापर्यंत साबणाच्या वडीसारखं.
पुढे खरखर, माझ्या हिशेबाप्रमाणे, चोख.
एकविसाव्यापाशी मात्र एक टोक गोल होतं.
एकच.
त्या दिवशी वेळ उरला असेल,
किंवा राहवलं नसेल.

उपाय सोपा आहे. आतून तांब्याचा पत्रा चिकटवायचा,
घुमणं थांबतं.
पण मग मिरचीचा भाव झाकला जाईल,
युनची मुलगी झाकली जाईल,
आणि तो तिरका माणूस, ज्याने आधीच हात वर केलेत.

‘किती वेळ लागेल?’ गुणार्सो विचारतो.
मला! मिनिटं मोजण्याचा पगार घेणाऱ्याला.

तो आतापर्यंत दोनदा चहा पिऊन आलाय.
मी तळहातावर झाकणाचे स्क्रू घेऊन बसलोय.
चार.
पूर्वी सहा असायचे.