रांग काफ, खुर्ची सतरा

माझं काम आकडे लावायचं.
ॲल्युमिनियमची पट्टी, दोन रिव्हेट, अंगठ्याने दाब,
पुढची खुर्ची.
दिवसाला चारशे. उन्हाळ्यात तीनशे दहा,
कारण दुपारचा पत्रा हाताला चावतो.
एकूण बेचाळीस हजार खुर्च्या,
आणि खोर अल-सिद्रची वस्ती
शेळ्या न् होड्या धरूनही अकरा हजार भरत नाही.

हिशेबाला वर्गीस, त्रिचूरचा.
त्याने एकदा डब्याच्या झाकणावर भागाकार मांडला,
सगळा खर्च भागिले खुर्च्या.
उत्तर पाहून आम्ही दोघं गप्प जेवलो.
तेव्हापासून मी सगळं खुर्चीतच मोजतो.
माझा वर्षाचा पगार: एक पाठ, एक हात, पाय नाहीत.
हर्णैच्या घरावरचा स्लॅब: दीड खुर्ची.
थोरलीचं नर्सिंग: पाऊण.
मचाणावरून पडला तो बिष्णू थापा,
त्याच्या घरी जे पाठवलं
ते मात्र मांडायला लागलो
तर वर्गीसने पेन्सिल कानामागे खोचली
आणि झाकण पुसून टाकलं.

फाटकापाशी उम्म सुहैल लुगैमात विकते,
खजुराच्या पाकात बुडवलेले गरम गोळे, दोन रियालला सहा.
मला रफीक म्हणते, सातवा फुकट टाकते.
पार्किंग आहे तिथे मासळीबाजार होता,
काचेचा दरवाजा आहे तिथे बलुची शिंप्याचं दुकान.
मोबदला मिळाला. नाही म्हणत नाही ती.
चाळीस किलोमीटर आत, वाळूत, मोठं घर, सहा एसी.
नवऱ्याने हट्टाने होडीही नेली ट्रकवर घालून.
ती अंगणात उभी आहे,
कोंबड्या तिच्यात अंडी घालतात.

एक दिवस तिने विचारलं, मोडक्या हिंदीत,
माझी मोडकी अरबी सांभाळून घेत,
"रफीक, मेरा मतबख किधर?"
माझं स्वयंपाकघर कुठे गेलं.

स्टोअरमधून गावाचा जुना नकाशा काढला,
नव्यावर ठेवला,
दोन्ही ट्यूबलाइटसमोर धरले.
खालचा मजला, फाटक नऊ, रांग काफ.
चूल सोळावर.
पाण्याचा माठ सतरावर.

शुक्रवारी रात्री पहारा ओचिएंगचा होता.
त्याने डबाभर लुगैमात घेतले आणि पाठ फिरवली.
उम्म सुहैल सतरावर बसली, अबाया सावरून, पाहुण्यासारखी.
मैदानाकडे बघितलंच नाही.
हात पुढे करून हवेत काही चाचपलं,
फडताळ असावं,
मग मान डावीकडे वळवली, सवयीने.
तिकडे भिंत होती, भिंतीवर कोल्ड्रिंकची बाटली, दोन माणसं उंच.
"बहर?"
मी म्हटलं, समुद्र वरून दिसतो, शेवटच्या रांगेतून.
ती गुडघ्यांकडे बघून हसली.
एकशे अठरा पायऱ्या.

सामने झाले. चार.
आम्ही कॅम्पातल्या टीव्हीवर पाहिले, चाळीसजण, एक पंखा.
तिसऱ्यात, गोल झाल्यावर, कॅमेरा खालच्या मजल्यावरून फिरला
आणि गाल निळे रंगवलेला एक माणूस
रांग काफमध्ये, सोळावर, बुटांसकट उभा राहून नाचत होता.
"चुलीवरून उतर रे!"
मी इतक्या जोरात ओरडलो
की सगळ्यांना वाटलं, मी हरणाऱ्या बाजूचा.

आता वरचा मजला उतरवतोय.
तेवढ्या खुर्च्या लागणार नाहीत म्हणे इथे कधीच.
कंटेनर कुठल्या देशाला जाणार, वर्गीसलाही माहीत नाही.
रिव्हेट काढायचा दर लावायच्या निम्मा.
फाटकावर गिऱ्हाईक उरलं नाही,
तरी ती येते, एक डबा घेऊन, मुलगा गाडीतच बसून राहतो.
वर उभं राहिलं की समुद्र अजून दिसतो.
गुरुवारी ती रांग येईल हाताखाली.