तेहतीस सीसी

अकरा वर्षं तो खाली मान घालून जगला.
कुंपणाच्या कडेनं, टपालपेटीच्या पायाशी,
नायलॉनच्या दोरीनं गवत छाटत,
दर शनिवारी सकाळी, चहाच्या आधी.
पंचवीस सीसी.
नारिंगी झाकण, उन्हानं विटलेलं.

जुलैच्या थंडीत मर्डोनं तो जेवणाच्या टेबलावर उघडला.
खाली मंगळवारचा पेपर,
निधनवार्तांच्या पानावर तेलाचा डाग पसरत चाललेला.
आधी क्लच गेला. मग क्लचचा ड्रम.
मग ती ओढायची दोरी,
जिच्यापायी माझा खांदा अजून दुखतो.
"हे सगळं जमिनीवर चालतं," तो म्हणाला,
"वर नाही चालायचं."

तामातीच्या शेडमध्ये लेथ आहे.
तिथं चाकाचे पंखे छाटले,
चुंबकाला मात्र हात लावला नाही; ठिणगी त्याच्याकडे.
मग दोन दाढीच्या पात्यांवर आस ठेवून
जड बाजू कुठं कलते ते बघत बसले दोघं,
न बोलता, पाऊण तास.
"हे फिरताना फुटलं," तामाती म्हणाला,
"तर आपण पण त्याच पानावर."

माझ्या वजनकाट्यावर, जिथं मी केकचं लोणी तोलते,
मर्डोनं ग्रॅम मोजले.
एकशे ऐंशी कमी!
चौतीस वर्षांत माझं वजन त्यानं कधी विचारलं नाही.
बरंच आहे म्हणा.

कार्बुरेटर तोच ठेवला.
आडवा धरा, तिरका धरा, पार उलटा टांगा,
तो पीतच राहतो,
माझ्या इन्व्हरकारगिलच्या भावासारखा.
बीच लाकडाचा पंखा, अठरा इंची.
नाक जड झालं, म्हणून बॅटरी मागं सरकवली.
तरी जड. आणखी मागं.

एवढ्यात नोव्हेंबर आला
आणि आमच्याकडे कापायला काही उरलं नव्हतं.
गवत घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत,
रानचुक्याचे तांबडे तुरे त्याच्याही वर.
टपालपेटी दिसेना.
शेजारची ईना पेथरिक कुंपणाशी येऊन नुसती उभी राहायची.
तिचं ते उभं राहणं मला ऐकू यायचं.
तामाती म्हणाला, दोन मेंढ्या देतो.
मर्डो म्हणाला, या रविवारनंतर बघू.

रविवारी, मागच्या कुरणात,
माझा ओव्हनचा हातमोजा घालून त्यानं पंखा फिरवला.
काही नाही. पुन्हा काही नाही.
मग एक खोकला, निळा धूर,
आणि तोच आवाज, शनिवारचा, वैतागलेला,
गवतातून उठून पॉप्लरच्या शेंड्यांवर गेला.
मी पहिल्यांदाच तो मान वर करून ऐकला.
अकरा वर्षं त्या आवाजाला खिडक्या लावून घेणारी ईना
रस्त्यावर आली,
कपाळावर हात धरून.

चौथ्या फेरीला तो बंद पडला.
का, ते नंतर कळलं: कार्बुरेटरमधला जुना पडदा, कडक झालेला.
तेव्हा फक्त शांतता होती
आणि दक्षिणेचा वारा.
कुरण मागं राहिलं, तारा चुकल्या,
आमचं छप्पर चुकलं, कसं ते देव जाणे,
आणि विमान पुढच्या अंगणात शिरलं,
त्या गवतात,
ज्याला त्यानं कधी घोट्याच्या वर येऊ दिलं नव्हतं.

आम्ही धावत गेलो. मर्डोची नुसती पाठ दिसत होती.
"पंखा शाबूत!" तो ओरडला. मग, "पंख पण!"
उठला तेव्हा त्याच्या स्वेटरभर चुक्याचं बी,
आणि चेहरा असा, की मी दुसरीकडे बघितलं.

सोमवारी ईनानं तिचा ट्रिमर दारात आणून ठेवला.
"कापायला," ती म्हणाली. एवढंच.
मर्डोनं तो उचलला, आडवा केला,
अंगठ्यानं चिखल पुसून झाकणावरचा आकडा वाचला.
मग ईनाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी आत गेले
आणि वजनकाटा पुसून टेबलावर ठेवला.